दौंड रस्त्यावरच्या पंपावर, टाकीच्या झाकणापाशी

शिरूर–दौंड रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर मी चौदा वर्षं काढली. आता सुटलो. संध्याकाळी शिरूरला आम्ही चारजण चहाला बसतो, तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, "दत्ता, पंपावरचं काहीतरी सांग." मला आठवायला लागत नाही. हे किस्से मी जमवले नाहीत, ते माझ्याकडं चाकांवर चालत आले. रोज दोनशे गाड्या येणार, प्रत्येक गाडीत एक तरी शहाणा बसलेला असणार. टाकीचं झाकण उघडायचं, नळी घालायची, बंद करायचं. एवढ्याशा कामात माणूस किती प्रकारे स्वतःची शोभा करून घेतो, ते बघायला पंपासारखी जागा नाही.

पंपावर आम्ही दोघंच कायमचे. पेट्रोलच्या मशीनवर मी आणि डिझेलच्या मशीनवर नामदेवमामा. मामा पाटसकडचे. घरची मेंढरं विकून पोरांनी ऊस लावला, मग मामांना घरात करमेना, म्हणून पन्नाशीत इथं लागले. बोलायचे कमी, पण एकदा बोलले की समोरच्याला घरी जाईपर्यंत पुरायचं. आणि तिसरे आमचे मालक, शेठ. त्यांच्याविषयी पुढं येईलच.

*

शिरूरला एक सर होते, हायस्कूलला भूमिती शिकवायचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या तळहातावर त्यांच्या पट्टीचे वळ असतील. "डोळ्यांसमोर आकृती आणता येत नाही त्यानं जनावरं राखावीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांनी पहिली कार घेतली आणि मोठ्या ऐटीत पंपावर आले.

गाडीची टाकी डाव्या अंगाला, सरांनी उजवं अंग मशीनला लावलं. नळी पुरेना. मी म्हटलं, "सर, टाकी पलीकडं आली. फिरवून घ्या." सरांनी मान हलवली, गाडी काढली, मशीनला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूनं येऊन उभे राहिले. उजवं अंग परत मशीनला.

सर खाली उतरले, टाकीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, परत बसले. पुन्हा वळसा. पुन्हा उजवं अंग. मागं तोवर तीन गाड्या लागल्या होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी वर्गातल्यासारखं बोट वर केलं. गप्प बसलो. सवय जुनी होती.

चौथ्या वळशाला मामा उठले, गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मेंढरूसुदीक दुसऱ्या खेपंला तोंड फिरवून बघतंय. तुम्ही नुसतं रस्त्यावर जाऊन उलटं या की."

सर रस्त्यावर गेले, उलटे आले, टाकी मशीनला लागली. पेट्रोल भरून झालं. जाताना सरांनी काच खाली केली आणि मला सांगितलं, "तुमच्या मालकांना सांग, पंप उलट्या बाजूला बांधलाय."

*

त्या काळात लाईट हा प्रकार पाहुण्यासारखा होता. यायची वेळ सांगायचा नाही, जायची सांगायचा आणि ती मात्र पाळायचा. पंपाला जनरेटर होता, पण शेठ तो चालू करू देत नसत. मशीनला एक लोखंडी हँडल लावायचं आणि हातानं फिरवायचं. एक जीप भरायची म्हणजे दंडाचं पाणी व्हायचं.

एकदा दुपारी बाराला आमच्या भागातले एक पुढारी तीन जीप घेऊन आले. कडक इस्त्री, कपाळाला गुलाल, गळ्यात दोन हार. पाटसला सभा करून आले होते. सभेत त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला सकाळीच कळलं होतं, कारण त्यांच्या रिक्षाचा भोंगा पंपाच्या दारातूनच गेला होता. शेतीला चोवीस तास वीज. नुसतं आश्वासन नाही, वीज आलीच म्हणून समजा.

मामा हँडल लावून उभे होते. एका जीपला डिझेल भरून त्यांना घाम फुटला होता. दोन जीप बाकी. पुढाऱ्यांना शिरूरच्या सभेला उशीर होत होता. ते जीपमधूनच म्हणाले, "मशीन चालू करा ना. हे काय दळत बसलाय?"

"लाईट न्हाई."

"कवा येणार?"

मामांनी हँडल थांबवलं. कपाळ पुसलं. "आम्ही तुमास्नीच इचारणार होतो. सकाळी तुम्हीच आणलीय म्हनं."

जीपमधले कार्यकर्ते बाहेर बघायला लागले. पुढारी हसले, सवयीचं हसू, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तू फिरव जरा." ड्रायव्हरनं दहा फेरे मारले आणि दुसऱ्याला दिलं. मग कार्यकर्ते आळीपाळीनं फिरवायला लागले. शेवटच्या जीपला माणूस उरला नाही तेव्हा पुढारी स्वतः उतरले. दहा-बारा फेरे मारले असतील. हार हँडलमध्ये अडकून तुटला, गुलाल घामानं नाकावर आला.

मामा बाजूला बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "साहेब, चोवीस तास आसं फिरवायचं म्हंजी मानसं लई लागत्याल."

*

गाड्यांच्या टाकीचं झाकण आतून, सीटखालच्या खटक्यानं उघडायची सोय झाली, तेव्हाचा हा. कोरी गाडी. पुढं एकटा नवरा स्टिअरिंगवर, मागं बायको पुस्तक वाचत बसलेली. पुण्याहून नगरला निघाले होते, वाट चुकून आमच्या रस्त्याला आले होते. ते चुकले होते हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, "झाकण उघडा." नवऱ्यानं एक दांडी ओढली, बॉनेट उघडलं. "हे नाही हो, टाकीचं." त्यानं दुसरं काहीतरी ओढलं, डिकी उघडली. मग वायपर लागले. मग पाण्याचा फवारा उडाला, तो माझ्या तोंडावर. मग गाडीतलं गाणं मोठं झालं. झाकण मात्र ढिम्म.

मी म्हटलं, "गाडीबरोबर पुस्तक दिलं असेल, त्यात बघा."

"मी इंजिनिअर आहे," नवरा म्हणाला.

पुढची पंधरा मिनिटं तो माणूस गाडीभोवती फिरत होता. झाकणावर बोटांनी टकटक केलं. नाण्यानं उचकटून बघितलं, रंग गेला. मला स्क्रू ड्रायव्हर मागितला, मी दिला नाही. शेवटी तो मशीनच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे."

तेव्हा बाईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, पुढच्या सीटखाली हात घातला आणि खटका ओढला. झाकण टक करून उघडलं.

नवरा ताडकन उठला. "तुला माहीत होतं? मग मघापासून का नाही बोललीस?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "शिक्रापूरच्या पुढं मी रस्ता सांगत होते, तेव्हा काय म्हणालात? 'गाडी कोण चालवतंय, मी का तू?'"

आणि परत पुस्तक उघडलं.

*

मोबाईल नवा नवा होता आणि रांजणगावकडं कारखाने नवे नवे होते. दोन्हीचा माज एकाच माणसात बघायचा असेल तर कारखान्यातला मॅनेजर बघावा. असाच एकजण यायचा. 'मोबाईल बंद ठेवा' ही आमची पाटी त्याच्या डोक्याच्या बरोबर वर होती, आणि तो तिच्याखाली उभा राहून बोलायचा.

एक दिवस तो कुणाची तरी गाडी घेऊन आला. त्या मॉडेलची गाडी पेट्रोलवरचीही यायची आणि डिझेलवरचीही, बाहेरून दोन्ही सारख्या. मी विचारलं, "पेट्रोल का डिझेल?"

त्यानं तळहात दाखवला. थांब.

थांबलो. मागं रांग लागली. मी परत विचारलं. परत तळहात. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्यानं विचारलं, "साहेब, पेट्रोल का डिझेल?"

तो जोरात खेकसला, "डिझेल! डिझेल भरा! किती वेळा सांगायचं एकच गोष्ट?"

मी गाडी मामांकडं पाठवली. मामांनी डिझेल भरलं. गाडी पंपाबाहेर पडली, कॅनॉलच्या पुलापर्यंत गेली, दोन-तीनदा खोकली आणि मेली.

साहेब चालत परत आले. फोन कानालाच. शेठही त्याच वेळी आले होते. शेठसमोर साहेबांनी माझी इतकी खरडपट्टी काढली की मला माझंच नाव नकोसं झालं. अडाणी, आंधळा, गाढव. माझी नोकरी त्या दिवशी जाणारच होती. शेठ बघत होते कुणाची बाजू घेतलेली परवडेल ते.

शेठनी विचारलं, "पण साहेब, डिझेल भरा असं तुम्ही म्हणालात का नाही?"

"म्हणालो! पण ह्याला नाही. मी फोनवर बोलत होतो. कारखान्याच्या जनरेटरला डिझेल भरा म्हणून सांगत होतो."

शेठनी माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. नोकरी वाचली ते मला तिथंच कळलं.

मामा नळीचं तोंड पुसत होते. न बघताच म्हणाले, "मंग त्या जनरेटरला तरी घातलं का कुनी? का तिकडं पेट्रोल ओतलंय?"

*

गिऱ्हाइकांनाच नावं ठेवून कसं चालेल? आमचे शेठ काही कमी नव्हते.

मे महिन्यात वळवाचा एक सणसणीत पाऊस झाला. जमिनीखालच्या टाकीची झाकणं जुनी, त्यांची रबरं कुजलेली. मी दोन वर्षं सांगत होतो. सकाळी नेहमीप्रमाणे टाकीत मोजपट्टी सोडली. पट्टीच्या टोकाला आम्ही एक पेस्ट लावतो, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. पट्टी वर काढली तर टोक लालभडक.

शेठना दाखवली. म्हटलं, "पेट्रोलात पाणी उतरलंय. आज विक्री बंद ठेवू."

शेठनी पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "पेस्ट जुनी झालीय."

त्या दिवशी शेठच्या मेहुण्याचं लग्न होतं. नवरदेव दौंडचा, मुलगी केंदूरची, मुहूर्त साडेबाराचा. नऊच्या सुमाराला नवरदेवाची गाडी फुलं लावून पंपावर आली. शेठ फेटा बांधून तयारच होते. त्यांनी मला बाजूला केलं, स्वतः नळी घेतली आणि नवरदेवाला म्हणाले, "टाकी फुल करतो. दाजींचा आहेर समजा."

मी शेठच्या कानाशी लागलो. "शेठ, लग्नाची गाडी आहे. नका."

"तू तुझं काम कर."

वऱ्हाडाच्या दोन बस आधीच पुढं गेल्या होत्या. नवरदेवाची गाडी निघाली. शेठ त्यांच्या डिझेलच्या जीपमधून आडरस्त्यानं, एका पाहुण्याला घेऊन जायचे होते. मामांना आहेराची भांडी उचलायला बरोबर नेलं. म्हणून पुढचं मला मामांकडून कळलं.

साडेबारा झाले, नवरदेव नाही. एक वाजला, नाही. मांडवात मुलीचा बाप घामाघूम. कुणी म्हणालं अपघात झाला, कुणी म्हणालं मुलानं नकार दिला. मुलगी हळदीच्या अंगानं आत बसलेली, तिच्या कानावर दोन्ही गेलं. ती रडायला लागली. भटजींनी दुसऱ्या लग्नाला जायचं म्हणून पिशवी उचलली. आणि आमचे शेठ खुर्चीवर बसून सगळ्यांना सांगत होते, "पोहोचेल हो. टाकी मी स्वतः फुल केलीय."

मामा म्हणाले, "मी तवा त्यांच्या तोंडाकडं बगितलं. त्यास्नी ठाव होतं. पेस्ट जुनी नव्हती ते त्यास्नी सकाळधरनं ठाव होतं."

दीड वाजता नवरदेव आला. शेणखत टाकून परत चाललेल्या ट्रॅक्टरवर शिरूरपर्यंत, आणि तिथून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला मागं लोंबकळत. बाशिंग एका कानावर, नवे बूट शेणानं भरलेले. मुलीच्या बापानं त्याला मिठीच मारली. मग नवरदेव सरळ शेठसमोर आला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमचा आहेर न्हावऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला उभा हाय. पानी प्यायलाय, आता उठत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "नवी पेस्ट मागवून घे."

*

आता शेवटचा. मामा त्या दिवशी सुट्टीवर होते, त्यामुळं जे काही भित्रेपण झालं ते माझं एकट्याचं.

भर दुपारी एक साहेब आले. कुठल्यातरी सरकारी खात्याचे, नाव-गाव कशाला. गाडी स्वतःची, छोटी, चकचकीत. तोंडात पेटलेली सिगारेट. मी म्हटलं, "साहेब, तेवढी सिगारेट विझवा, मग भरतो."

"मला सांगतोस?"

"पेट्रोल आहे साहेब."

एवढ्यावर बिनसलं. साहेबांनी सिगारेट विझवली, पण तक्रार वही मागितली. वही शेठच्या कपाटात, किल्ली शेठकडं, शेठ शिरूरला. साहेब म्हणाले, "ठीक आहे. वही येईपर्यंत मी हलणार नाही आणि इथं कुणाची गाडीही भरू देणार नाही." आणि त्यांनी गाडी पुढं-मागं करून पेट्रोलच्या मशीनला अशी चिकटवली की खुंटीवरची एकुलती एक नळी काढायलाही फट राहिली नाही. काचा वर केल्या, एसी लावला आणि पेपर उघडला.

मी शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, "सरकारी माणूस आहे. दुखवू नकोस. येतो तासाभरात."

पंधरा मिनिटांनी रस्त्यावरून एक जुनी कार ढकलत आणताना दिसली. शेजारच्या रानात कांदा काढणारी आठ माणसं ती ढकलत होती. गाडी मांडवगण फराट्याच्या एका म्हाताऱ्यांची, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. मुलगा स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर सून, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, पदर दातात धरलेला. गावातल्या नर्सनं सांगितलं होतं, मूल आडवं वाटतंय, ताबडतोब दौंडला न्या. आणि गाडीचा काटा बिघडलेला, कायम अर्ध्यावर. पेट्रोल आमच्या अलीकडंच संपलं.

आप्पांनी एका नजरेत सगळं बघितलं. साहेबांच्या काचेवर हळूच टकटक केलं.

"साहेब, गाडी वाईच पुढं घ्या. सून अडलीय."

काच दोन बोटं खाली आली. "आधी वही." काच वर.

आप्पांनी परत टकटक केलं. "मंग तिला तुमच्या गाडीत तरी घ्या. दौंडपातूर. हात जोडतो."

साहेबांनी मान वळवून मागच्या सीटकडं बघितलं. "कव्हरं परवाच घातलीत," म्हणाले. काच वर.

रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. मी नुसता उभा. 'दुखवू नकोस' एवढंच डोक्यात. आतून सुनेचा एक आवाज आला, तो मी आजही विसरलो नाही.

आप्पा माझ्याकडं वळले. "लेकरा, तू भरनार न्हवं? नळी मोकळी झाली तर?"

मी मान हलवली.

आप्पांनी कांदेवाल्यांना विचारलं, "तुमी किती जन?"

"आठ."

"मी आन् पोरगा धा. कांद्याच्या गोण्या रोज उचलताय न्हवं?"

"व्हय."

"मंग ही लई जड न्हाई."

दहाजणांनी चारही बाजूंनी हात घातले. गाडी उचलली. चाकं जमिनीपासून वीतभर वर. साहेबांच्या हातातला पेपर पडला. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, हॉर्न दाबला, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हवेत असताना ब्रेक दाबला. माणसांनी गाडी तशीच आडवी नेली आणि पाण्याचा हौद आणि लिंबाचं खोड यांच्या मध्ये ठेवली. पुढं चार बोटं, मागं चार बोटं. मापानं कापून बसवल्यासारखी.

आप्पांची गाडी मशीनला लावली, मी भरलं. गाडी सुरू झाली. आप्पा पुढच्या सीटवर बसता बसता थांबले, मागं फिरले आणि साहेबांच्या काचेशी गेले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "सून सुखरूप मोकळी झाली की मी माघारी येतो. मंग समदी मिळून उचलून व्हती तिथं ठेवतो." कांदेवाल्यांना म्हणाले, "मी आल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत आप्पा."

धूळ उडवत गाडी दौंडकडं गेली. माणसं रानात गेली. पंपावर मी आणि साहेब. मग काच खाली आली, या वेळी पूर्ण.

साहेबांनी मला बोट करून जवळ बोलावलं.

"काय हो," ते म्हणाले, "नॉर्मल होईल ना?"